बांधोबाची शीव

नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला मंगळवार दिला होता. त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी छबूबाईंनी भाकरी थापता थापता मुलाला सांगितलं, की आपण नगरला जाणार नाही.

आदिनाथ कंपनीची बस गाठायच्या घाईत होता. डबा पिशवीत घालता घालता तो थांबला.

"का?"

"नवस हाय माझा. नवस फिटंस्तवर शीव ओलांडायची न्हाई."

"कुणाला बोललीस?"

"बांधोबाला."

आदिनाथने डबा खाली ठेवला. बांधोबा नीट ठाऊक असावा अशी माणसं जगात चारच होती. त्या चौघांनीच तो गेल्या दिवाळीनंतर रविवारच्या खेळासाठी तयार केला होता. आदिनाथ त्याचा पुजारी होता.

"आणि नवस कशाचा?"

"तुझं लगीन जमू दे म्हनून," छबूबाई म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली. "बस चुकंल तुझी."

बस चुकलीच.

खेळ मोनिकाचा होता. मोनिका आदिनाथची चुलत बहीण. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ती क्वालिटी विभागात होती आणि पुण्याला होस्टेलवर असताना हा खेळ शिकून आली होती. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी पुजारी. प्रत्येकाने आपला माणूस काय करतो ते बोलून सांगायचं आणि जमेल की फसेल अशी वेळ आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं. रविवारी दुपारी छबूबाईंच्या ओट्यावर हा खेळ चाले. वस्तीवर मोबाईलला रेंज तिथेच यायची आणि सावली तिथेच होती.

चौघांपैकी आदिनाथ पुजारी होता. रोहिणी योद्धा होती. सुप्याच्या मेडिकल दुकानात ती दिवसभर गोळ्या मोजून द्यायची आणि रविवारी तलवार चालवायची. राधाकृष्ण पाथर्डीकडचा, कंपन्यांचा माल छोट्या टेम्पोतून पोचवणारा. तो चोर होता. गोष्ट चालवायला मोनिका.

सुरुवातीला मोनिकाने परदेशी पद्धतीचे देव आणले होते. एक वादळाचा, एक लढाईचा, एक मरणाची देवी. तिघंही ढगांवर महालात राहत. पहिल्याच रविवारी राधाकृष्णाने विचारलं, "ह्या वादळवाल्याला निवद काय लागतो?"

मोनिकाला सांगता आलं नाही.

"यात्रा कवा असती? कोंबडं चालतं का पुरणपोळी? पुजाऱ्याचं घर कोनतं?"

"असलं काही नसतं त्याला. तो खूश झाला की शक्ती देतो."

"मग देव कसला त्यो? साहेब झाला."

मोनिका चिडली. पण ती काम अर्धवट सोडणाऱ्यातली नव्हती. पंधरा दिवस खेळ बंद ठेवून तिने सगळे देव मोडले आणि नव्याने घडवले. आता प्रत्येक देवाला तीन गोष्टी होत्या. मान, म्हणजे देवाला पहिला हात कुणाचा लागायचा. वर, म्हणजे देव काय देतो. आणि पथ्य, म्हणजे भक्ताने काय करायचं नाही. या तिन्हींवर एक गोष्ट होती, भाव. देवाची ताकद त्याच्या भक्तांच्या भावाएवढीच. शेवटचा भक्त गेला की देव पुन्हा दगड. भक्त विकत घेता येत नाहीत हेही तिने ठरवून टाकलं. खेळातल्या एका पंथाने रोज पंगती घालून आपला देव डोंगराएवढा केला होता; पंगती थांबल्या त्या आठवड्यात तो देव टोपलीखाली मावला. राधाकृष्णाला तो डाव फार आवडला होता. असे देव आपण पाहिलेत, असं त्याचं म्हणणं.

बांधोबा याच नव्या देवांतला. शेताच्या बांधावर राहणारा, हद्दी राखणारा. त्याचा दगड जिथे, तिथे शीव. त्याचं पथ्य कडक: नवस बोललेल्या भक्ताने नवस फिटेपर्यंत शीव ओलांडायची नाही. नवसातून सुटका कशी होते हे मात्र मोनिकाने कुठेच ठरवलं नव्हतं. खेळात कधी तशी वेळच आली नव्हती.

चूक झाली ती संक्रांतीनंतरच्या एका रविवारी. घरात पाहुणे होते म्हणून चौघं खेळायला लिंबाखाली, बांधावर जाऊन बसले. खेळात बांधोबाची स्थापना होती. रंग चढावा म्हणून आदिनाथने बांधावरचा एक उभट दगड उचलला, घरातून शेंदूर आणि तेल आणून त्याला माखलं आणि लिंबाच्या बुंध्याशी ठेवला. फोटो काढले. उन्हं कलली तसे चौघं उठले, फासे गोळा केले, शेंगांची टरफलंसुद्धा उचलली. दगड तेवढा राहिला.

पुढच्या रविवारी दगडापुढे फुटका नारळ होता. त्याच्या पुढच्या रविवारी हळदकुंकू. मग कुणीतरी लिंबाला भगवं फडकं बांधलं. कांदा काढायला आलेल्या बायका जाता-येता वाकून जाऊ लागल्या. चौघं हसले. राधाकृष्ण म्हणाला, "भाव वाढला गड्या तुझ्या देवाचा," आणि विषय तिथेच राहिला.

शेंदूर लावून असा दगड मागे टाकायचा नसतो, हे आदिनाथला शुक्रवारी सकाळी बस चुकल्यावर कळलं.

छबूबाईंना काचबिंदू होता. डाव्या डोळ्याने आता फक्त उजेड आणि अंधार कळायचा. उजवा शाबूत होता, पण त्यातला दाब थेंबांनी उतरत नव्हता. संध्याकाळी आदिनाथने रोहिणीला तिच्या दुकानात गाठलं.

"तारीख पुढे ढकलली तर?" त्याने विचारलं.

"किती पुढे?"

"माझं लग्न जमेपर्यंत."

रोहिणीने हातातली बाटली काउंटरवर ठेवली. आदिनाथकडे दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्हींना पर्मनंट नोकरी हवी होती, आणि आदिनाथ कंत्राटी होता. हे तिला ठाऊक होतं.

"हे बघ," ती म्हणाली, "काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. ऑपरेशन असतं ते राहिलेली राखायला. काकूंचा एकच डोळा राहिलाय. मी डॉक्टर नाही, पण त्यांनी जवळची तारीख दिली ती उगाच नाही."

"मग खरं सांगून टाकतो तिला. देव आम्हीच केला म्हणून."

"सांग. आजच सांग."

त्याने शनिवारी सांगितलं. शुक्रवारी धीर झाला नाही. छबूबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. तो समोर उकिडवा बसला आणि सगळं एका दमात बोलून गेला: मोनिकाने नाव शोधलं, पथ्यही तिनेच ठरवलं, दगड आपण बांधावरून उचलला, हे सगळं खेळातलं आहे, खरं काही नाही.

छबूबाईंनी ऐकून घेतलं.

"शेंदूर कुनाच्या डबीतला नेलास?"

"तुझ्या."

"मंग मला ठावं न्हाई व्हय? म्या हितंच बसलेली असते दर रविवारी. तुमी खेळता, म्या ऐकते. डोळं अधू झाल्यात, कान न्हाईत."

"मग नवस कसा बोललीस? ठाऊक असून?"

"शेंदूर लागला न्हवं त्याला?" त्यांनी टरफल बाजूला टाकलं. "गावातल्या मारुतीलाबी कुनीतरी पयल्यांदा लावलाच आसंल की. त्यो काय आभाळातनं शेंदूर लावून आला? कुनीतरी मांडल्याबिगर देव बसतो का कुठं?"

"पण आई, आम्ही गंमत म्हणून..."

"तू गंमत म्हनून लावलास. म्या गंमत म्हनून न्हाई बोलले." मग आवाज खाली आणून, "सगळ्या देवास्नी सांगून झालं तुझ्यासाठी. मोठाल्या देवांकडं गर्दी लई आसती. ह्यो नवीन हाय, म्हनलं ह्याला येळ आसंल."

आदिनाथ उठला आणि बांधाबांधाने मोनिकाच्या घराकडे निघाला.

मोनिकाने ऐकलं आणि ती लगेच कामाला लागली. तिचं म्हणणं, दोष नियमात आहे आणि नियम दुरुस्त होतो. पथ्यात एक कलम वाढवायचं: आजारपणात शीव मोकळी. ते काकूंना सांगायचं, झालं. रविवारी दुपारी राधाकृष्ण आणि रोहिणी यायच्या आधीच ती ओट्यावर हजर होती.

"काकू, बांधोबाचा एक नियम बदललाय मी."

"कवा?"

"काल."

"न्हाई चालायचं," छबूबाई म्हणाल्या. "ह्यो राधाकृष्न त्या कोरड्या हिरीत पडला हुता, आठवतंय? लई रडला, मोनाताई एवढा नेम बदल. तू काय म्हनली हुतीस?"

मोनिका फासे मांडायला लागली.

"सांग की."

"चालू डावात नियम बदलत नाही."

"तीन रविवार त्याला हिरीत बसवला तू."

"तीन रविवार, मावशी," राधाकृष्ण अंगणात टेम्पो लावून रोहिणीपाठोपाठ वर येत म्हणाला. "वरनं बेडूक सोडले हुते हिनं माझ्या अंगावर."

"मग आता माझ्यासाठी का म्हनून बदलायचा? देव हाय का शाळंचं टायमटेबल?" छबूबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "सुटायचंच आसंल तर डावात सुटू दे. नीट, सगळ्यांच्या देखत."

आदिनाथने आईकडे पाहिलं. ती सूप झटकत होती. पण आज तिने सूप घेऊन भिंतीशी न बसता चौघांच्या घोळक्यातच बैठक मारली होती, चांगल्या डोळ्याची बाजू फाशाकडे करून.

डाव सुरू झाला. मोनिकाने जागा सांगितली: लिंबाचं झाड, बांध, बांधोबाचा दगड. एक म्हातारी भक्तीण नवसात अडकली आहे आणि वैद्य शिवेपलीकडे आहे. आदिनाथचा पुजारी देवापुढे गेला, नारळ फोडला आणि त्याने कौल मागितला.

"हा देव पथ्याला कडक आहे," मोनिका म्हणाली. "अठरा किंवा त्याच्यावर पडलं तर सोडेल."

"अठरा?" रोहिणी म्हणाली. "जरा कमी कर ना."

"आत्तापर्यंत या देवाने कुणाला सोडलेलं नाही. अठराच."

फासा टाकायला मोनिकाने समोर पुठ्ठ्याची आडवी पाटी धरली होती. तिच्यामागे पडलेला आकडा फक्त तिला दिसायचा आणि ती सांगेल तो खरा मानायचा. आदिनाथला बरं वाटलं. मोनिकाही त्याच्याकडे न बघता पाटी सारखी करत होती. एवढी लबाडी ती करेल असं त्याला वाटलं.

छबूबाईंनी हात पुढे करून पाटी बाजूला सारली.

"उघड्यावर टाक."

आदिनाथने फासा मुठीत घोळवला. त्याने फासा टाकला. तो सतरंजीवरून घरंगळत शेंगांच्या सुपाला लागला आणि थांबला.

सात.

अंगणात कोंबडी ओरडली.

"पुन्हा टाकता येतो का?" आदिनाथने विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

"एका कौलाला एकच फासा," मोनिका म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"मी लढते," रोहिणी म्हणाली. "देवाशी. मारता येतं का देवाला?"

"भाव आहे तोवर नाही. आधी भक्त तोडावे लागतील. एकूण एक."

"एक तर मीच हाय की," छबूबाई म्हणाल्या. "मला हाकल आधी. बगू हाकलून." त्यांना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. त्यांनी शेंगांचं सूप जवळ ओढलं आणि फोडायला लागल्या, न बघता, बोटांनी चाचपून. "जाऊ दे पोरी. देवानं न्हाई म्हनलं. खेळा तुमी पुढं."

आदिनाथ बोटांकडे बघत राहिला. तो काही बोलणार तेवढ्यात राधाकृष्ण तोंडातले दाणे चावत म्हणाला, "माझी पाळी ऱ्हायली का न्हाई?"

"राहिली," मोनिका म्हणाली.

"मी देव चोरतो."

"काय?"

"देव. दगड. उचलून पोत्यात घालतो."

"कशाला पण?"

"आता चोर हाय मी. मला दुसरं येतं काय?"

मोनिकाने क्षणभर विचार केला. "बारा पाहिजेत. रखवालदार नाही, पण शेंदराने दगड निसरडा झालाय."

राधाकृष्णाने फाशावर फुंकर मारली आणि टाकला. पंधरा.

"घावला," तो म्हणाला. "देव पोत्यात, पोतं खांद्यावर. मी चाललो वैद्याच्या गावाला. आता सांग मोनाताई, शीव कुठंय?"

मोनिकाने फासा उचलून हातात धरला.

"त्या पाटलाच्या टायमाला काय झालं हुतं?" छबूबाईंनी विचारलं. शेंग बोटातच राहिली होती.

"कुठला पाटील?" रोहिणी म्हणाली.

"तुमच्याच खेळातला. पयल्या-पयल्यांदा. त्यानं रातोरात बांधोबाचा दगड उचलला आन् शेजाऱ्याच्या वावरात नेऊन रोवला. सकाळी त्ये वावर त्याच्या हद्दीत. ही रोहिनी तलवार घेऊन गेल्ती, तर मोनीच म्हनाली, आता कायद्यानं त्याचंच हाय." त्या मोनिकाकडे वळल्या. "दगड सरकला तशी शीव सरकली हुती. म्हनली हुतीस का न्हाई?"

"म्हणाले होते," मोनिका सावकाश म्हणाली. "दगड जिथे, तिथे शीव. तो बांधोबाचा पहिला नियम आहे."

"मंग?"

"मग देव वैद्याच्या दारात असेल तर शीव वैद्याच्या दारात आहे. भक्तीण देवाबरोबर गेली तर तिने काही ओलांडलेलं नाही."

"नेम बदलला का ह्यात कुठं?"

"नाही काकू. एकही नाही."

छबूबाईंनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावले.

"आमच्या आज्यासासऱ्याचा बांध असाच सरकत हुता दर साली," त्या म्हणाल्या. "त्यांनी बांधोबाला इचारलं न्हाई कधी. आपुन इचारून नेऊ."

आदिनाथला हसू आलं, आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तो आत जाऊन रिकामा तांब्या भरून आला. आईला सुटायचं होतंच. दिलेला शब्द मोडून तेवढं सुटायचं नव्हतं.

मंगळवारी सकाळी राधाकृष्णाने टेम्पो बांधाशी आणला. दगड उचलायचा मान पुजाऱ्याचा, चोराचा नव्हे, असा छबूबाईंनी निकाल दिला होता. आदिनाथने आंघोळ करून, अनवाणी जाऊन दगड उचलला. मागच्या वेळेपेक्षा जड वाटला. तो छबूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवला. रोहिणी आणि मोनिका मागे हौद्यात बसल्या. दोघींनी रजा टाकली होती.

गावच्या शिवेवरच्या ओढ्याशी राधाकृष्णाने टेम्पो थोडा हळू केला. छबूबाईंनी लुगडं बाजूला सारून दगडावर हात ठेवला.

"चल," त्या म्हणाल्या.

हॉस्पिटलच्या फाटकावर वॉचमनने अडवलं. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर बजरंग असं नाव होतं.

"पेशंटबरोबर एक जण. बाकीचे बाहेर. आणि हे काय?"

"देव हाय," छबूबाई म्हणाल्या.

"दगड आत न्यायचा नाही, आजी. ऑपरेशनचा मजला आहे."

"दगड न्हाई म्हनलं ना. बांधोबा हाय."

बजरंगने लुगड्याची घडी उचलून आत पाहिलं. शेंदूर दिसताच त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"कुठला म्हणायचा हा? आमच्याकडे नाही ऐकला."

"आमच्याकडंबी नवीनच हाय."

"आत नाही नेता येणार पण. साहेब माझी नोकरी घालवतील."

छबूबाई जागच्या हलल्या नाहीत. आदिनाथने मोनिकाकडे पाहिलं. मोनिका फाटकाकडे बघत होती, मग फाटकाच्या दोन्ही अंगांनी गेलेल्या कंपाउंडच्या भिंतीकडे.

"काकू," ती म्हणाली, "बांधोबा राहतो कुठे?"

"बांधावर."

"ही भिंत म्हणजे या जागेचा बांध. देव भिंतीशी बसला तर भिंतीच्या आतलं सगळं शिवेच्या आत. वरचे मजलेसुद्धा."

छबूबाईंनी भिंत न्याहाळली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मान वळवून, एका डोळ्याने.

"मागल्या अंगालाबी हाय का भिंत? का मोकळं हाय?"

"चारी बाजूंनी आहे, आजी," बजरंग म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं, पण भिंतीबद्दल त्याची खात्री होती. "माझ्या केबिनीत ठेवा. भिंतीला लागूनच आहे. मी लक्ष ठेवतो."

आदिनाथने दगड केबिनीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ठेवला. छबूबाईंनी पायातली चप्पल काढून हात जोडले आणि जिन्याकडे निघाल्या, मुलाचा हात धरून.

वर आदिनाथ एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिला. दारावरचा दिवा लाल होता. शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी मोबाईलवर कांद्याचे भाव बघत होतं. नवस कशासाठी होता हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. सातच्या जागी अठरा पडले असते तर किती सोपं झालं असतं, असंही त्याला वाटून गेलं. मग त्याला वाटलं, बरं झालं सात पडले. अठरा पडून ती आली असती तर देवाने सोडलं म्हणून आली असती. आता ती देवाला घेऊन आली होती.

दिवा विझला. डॉक्टरीणबाई मास्क खाली ओढत बाहेर आल्या.

"नीट झालंय," त्या म्हणाल्या. "उद्या पट्टी काढून दाब बघू."

आदिनाथने मान हलवली. त्याने खिशातून मोबाईल काढून खाली तिघांना नुसतं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. खालून राधाकृष्णाने टेम्पोचा हॉर्न वाजवल्याचं वरपर्यंत ऐकू आलं, आणि पाठोपाठ बजरंग ओरडल्याचंही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. छबूबाईंनी पापणी सावकाश उघडली. आधी सगळं दुधाळ आहे म्हणाल्या. मग समोर बघत म्हणाल्या, "दाढी कर. अशा तोंडानं कोन पोरगी देईल तुला?"

डॉक्टरीणबाईंनी यंत्राला डोळा लावला, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला.

"दाब उतरलाय," त्या म्हणाल्या. "आहे तेवढी नजर राहील. थेंब चुकवायचे नाहीत, आणि तपासणीला पुन्हा पुन्हा यावं लागेल, आजी."

"यिऊ की," छबूबाई म्हणाल्या. "आमी दोघं यिऊ."

डॉक्टरीणबाईंना वाटलं, त्या मुलाबद्दल बोलताहेत.

खाली केबिनीत बांधोबापुढे झेंडूची फुलं होती आणि उदबत्तीच्या राखेची बारीक रेघ. पेशंटच्या नातेवाइकांपैकी दोघं-चौघं पाया पडून गेल्याचं बजरंगने सांगितलं. राधाकृष्णाने मोनिकाला कोपराने ढोसलं. "भाव किती झाला बघ. नगर शहरात पोचला आपला देव."

आदिनाथ दगड उचलायला वाकला तेव्हा बजरंग जवळ आला. त्याने टोपी काढलेलीच होती.

"पुजारी तुम्हीच ना?" त्याने हळूच विचारलं. "माझं एक काम अडलंय. मुलीचं. नवस बोलला तर चालतो का याला? याचं पथ्य काय असतं?"

मोनिका, रोहिणी, राधाकृष्ण, तिघांनीही आदिनाथकडे पाहिलं. छबूबाई फाटकाच्या आत आणलेल्या टेम्पोत जाऊन बसल्या होत्या, डोळ्यावर काळा चष्मा, मांडी मोकळी ठेवून.

आदिनाथने दगड छातीशी धरला.

"याला नवस चालत नाही," तो म्हणाला. "नुसता नमस्कार करायचा."

"बस?"

"बस. पथ्य काही नाही."

मोनिकाने भुवया उंचावल्या. चालू डाव, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण टेम्पोतून छबूबाईंचा आवाज आला, "व्हय रं बाबा. माझा शेवटचा घेतला त्यानं. पुजारी सांगतोय ते ऐक."

बजरंगने जरा विचार केला. मग त्याच्या चेहऱ्यावर हलकं काहीतरी आलं. हे जमण्यासारखं होतं. त्याने दगडाला हात लावून तो कपाळाला लावला आणि फाटक पूर्ण उघडलं.

टेम्पो सुप्याच्या दिशेला लागल्यावर छबूबाई दुकानांच्या पाट्या वाचायला लागल्या. मोठ्या अक्षरांच्या तेवढ्याच, एका डोळ्याने, मोठ्यांदा. मागे हौद्यात रोहिणी आणि मोनिका पुढच्या रविवारवरून भांडत होत्या. छबूबाईंनाही डावात घ्यायचं ठरलं होतं, आणि त्या नेमक्या कोण होणार यावर एकमत होत नव्हतं.

"इचारताय काय," पुढून छबूबाई म्हणाल्या. "म्या चोर हुनार."